पांगाऱ्यावरची सभा



मार्चचा दुसरा आठवडा सुरू असतो. तुमच्या वार्षिक परीक्षा तोंडावर आलेल्या असतात. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावी रब्बीची ज्वारी खळ्यावर येऊन पडलेली असते आणि परसातल्या पांगाऱ्यावर एकही पान नसले तरी सगळे झाड लालभडक फुलांनी भरलेले असते. अशा एखाद्या सकाळी झाडावर एवढा कलकलाट सुरू होतो की, स्वयंपाकघरातले बोलणे ओसरीवर ऐकू येऊ नये. बाहेर येऊन पाहावे तर फांदीफांदीवर भोरड्या. शंभर तर सहज असतात. काही फुलांत चोच खुपसून मध पीत असतात, काही भांडत असतात, काही नुसत्याच बसून किचकिचत असतात. मध्येच काही कारण नसताना सगळा थवा भुर्रकन उडतो, दोन गिरक्या घेतो आणि पुन्हा त्याच झाडावर येऊन बसतो.

आमची आजी म्हणायची, "भोरड्यांची सभा भरली. आता चालल्या त्या आपल्या देशाला."

युरोपातली मुले असे दृश्य सप्टेंबरमध्ये पाहतात. तेथे उन्हाळा संपत आला की पाकोळ्या तारांवर ओळीने जमू लागतात आणि शरद ऋतूत दक्षिणेकडे निघून जातात. आपल्याकडे उलट आहे. आपण त्या पक्ष्यांच्या प्रवासाच्या दुसऱ्या टोकाला राहतो. त्यामुळे त्यांची परतीची जमवाजमव आपल्याला वसंतात, आपल्याच अंगणात पाहायला मिळते. या सभेत नेमके काय ठरते, कोण ठरवते आणि ‘आता निघायला हवे’ हे पक्ष्याला कसे कळते, ते आज आपण पाहू.

पाहुण्याची ओळख

भोरडी ही साळुंकीच्या कुळातली आणि साधारण तिच्याच आकाराची. डोके, मान, पंख आणि शेपटी काळी. पाठ व पोट गुलाबी. डोक्यावर मागे वळलेला तुरा. पळसाच्या फुलांवर हमखास दिसते म्हणून तिला पळसमैना असेही म्हणतात. पिल्लांचा रंग मात्र मातकट असतो.

हिचे घर मध्य आशियात आणि आग्नेय युरोपात आहे. कझाकस्तान, तुर्कमेनिस्तान, चीनचा पश्चिम भाग या कोरड्या माळरानांत मे-जूनमध्ये दगडांच्या ढिगांत आणि कड्यांच्या कपारींत हिच्या वसाहती भरतात. टोळ आणि नाकतोडे हे तिथले मुख्य अन्न. पिल्ले उडू लागली की लगेच परतीचा प्रवास सुरू होतो. वायव्य भारतात पहिले थवे जुलैअखेरीपासूनच दिसू लागतात. पुढे ते दक्षिणेकडे पसरतात. एप्रिलच्या अखेरीपर्यंत बहुतेक सगळ्या निघून जातात. म्हणजे हिशेब केला तर वर्षातला मोठा काळ हा पक्षी भारतातच असतो आणि मायदेशी जातो तो फक्त पिल्ले वाढवण्यापुरता!

मार्चमध्ये हिच्याकडे नीट लक्ष देऊन पाहा. हिवाळ्यात मळकट दिसणारा गुलाबी रंग आता उजळलेला असतो. यासाठी सगळी पिसे नव्याने यावी लागत नाहीत; पिसांची मळकट टोके झिजून जातात आणि आतला रंग उघडा पडतो. चोचही गुलाबी होते आणि तिचे बूड काळे दिसू लागते. प्रवासाची तयारी अशी पक्ष्याच्या अंगावर वाचता येते.

एका विद्यार्थिनीचा प्रश्न

आता माझी एक फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी विज्ञान दिनानिमित्त एका हायस्कुलात बोलायला गेलो होतो. बोलता बोलता स्थलांतराचा विषय निघाला आणि मी ठोकून दिले, "तिकडे थंडी पडली की हे पक्षी इकडे येतात, आणि इकडे ऊन तापले की परत जातात." मला वाटले, विषय संपला.

नववीतली एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "सर, मग त्या ऑगस्टमध्ये कशा येतात? ऑगस्टमध्ये तिकडे थंडी असते का?"

मी गप्प. ऑगस्टमध्ये मध्य आशियात चांगला कडक उन्हाळा असतो. म्हणजे भोरड्या थंडी पडण्याच्या कितीतरी आधीच घर सोडतात. आणि मार्चमध्ये सोलापूरला ऊन तापते हे खरे, पण फेब्रुवारीतही काही दिवस तापतेच, आणि मार्चमध्ये एखाद्या अवकाळी पावसानंतर हवा गारही होते. तापमान असे मागेपुढे होत असते. त्याच्यावर विसंबणाऱ्या पक्ष्याची दरवर्षी फसगत व्हायची!

"पुढच्या वेळी सांगतो," असे म्हणून मी सुटका करून घेतली. पण प्रश्न डोक्यात राहिला. त्या मुलीला जे उत्तर मी तेव्हा द्यायला हवे होते, ते असे.

कधीही न चुकणारे पंचांग

निसर्गात एक गोष्ट अशी आहे की, ती दरवर्षी त्याच तारखेला तीच असते. ती म्हणजे दिवसाची लांबी. पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे सूर्योदय ते सूर्यास्त हा काळ वर्षभर बदलत राहतो. सोलापूरला २२ डिसेंबरला दिवस सुमारे ११ तासांचा असतो. ३१ मार्चला तो सुमारे सव्वाबारा तासांचा होतो. मार्चमध्ये दिवस रोज जवळजवळ एका मिनिटाने वाढत असतो. घरातल्या दिनदर्शिकेत सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा दिलेल्या असतात. वजाबाकी करून हे तुम्हीच पडताळून पाहू शकता. थंडीची लाट येवो, पाऊस पडो वा न पडो, या आकड्यात फरक पडत नाही.

पक्षी खरोखरच हे पंचांग वाचतात का? हे प्रयोगाने पाहिले ते कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातील प्राध्यापक विल्यम रोवन यांनी. एडमंटन हे त्यांचे गाव ५३ अंशांच्याही उत्तरेला. तिथे दिवसाची लांबी हिवाळ्यात सुमारे साडेसात तास, तर उन्हाळ्यात सुमारे सतरा तास! १९२४ च्या शरद ऋतूत रोवन यांनी जुंको नावाचे, चिमणीएवढे स्थलांतर करणारे पक्षी पकडले आणि उघड्यावरच्या पिंजऱ्यांत ठेवले. एका पिंजऱ्यात सूर्य मावळल्यावर विजेचे दिवे लावायचे आणि दररोज ते थोडे अधिक वेळ चालू ठेवायचे. दुसऱ्या पिंजऱ्यात दिवे नाहीत. थंडी दोन्हीकडे सारखीच, शून्याखाली कित्येक अंश.

परिणाम विलक्षण होता. ऐन डिसेंबरात, बर्फाळ हवेत, दिव्यांच्या पिंजऱ्यातल्या पक्ष्यांची जननेंद्रिये वसंतात वाढावीत तशी वाढली. शेजारच्या पिंजऱ्यातल्या पक्ष्यांची वाढली नाहीत. शरीराला वसंत आल्याची वर्दी मिळाली होती, आणि ती उबेने नव्हे, प्रकाशाने दिली होती. १९२५ मध्ये रोवन यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रयोगाची मांडणी लक्षात घ्या. एकच गोष्ट बदलायची, बाकी सर्व सारखे ठेवायचे. तुमच्या प्रयोगवहीतल्या ‘नियंत्रित प्रयोगा’चे याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

पुढे याहूनही नवलाची गोष्ट कळली. दिवसाची लांबी मोजायला पक्ष्याला डोळे लागतातच असे नाही. अमेरिकेतील मायकेल मेनाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या सुमारास दाखवले की, अंध चिमण्यांची शरीरेही वाढत्या प्रकाशाला प्रतिसाद देतात. मात्र डोक्याच्या कातडीखाली काळी शाई टोचून प्रकाश अडवला की हा प्रतिसाद थांबतो. पक्ष्याची कवटी पातळ असते. तिच्यातून आत झिरपणारा प्रकाश मेंदूतल्या खास पेशी टिपतात. त्या पेशींकडून संदेश जातो, संप्रेरके स्रवू लागतात आणि पक्ष्याची भूक, वजन, रंग, चंचलपणा सगळेच बदलू लागते.

पण मग विषुववृत्ताजवळ हिवाळा काढणाऱ्या पक्ष्यांचे काय? तिथे तर दिवस वर्षभर जवळजवळ बारा तासांचाच. जर्मन शास्त्रज्ञ एबरहार्ड ग्विनर यांनी स्थलांतर करणारे पक्षी दीर्घकाळ अशा खोलीत ठेवले की, जिथे प्रकाश आणि अंधाराचे प्रमाण कधीच बदलत नसे. तरीही त्या पक्ष्यांत वजन वाढणे, पिसे बदलणे आणि प्रवासाची अस्वस्थता ही चक्रे चालूच राहिली. फक्त त्यांचे ‘वर्ष’ बरोबर बारा महिन्यांचे न राहता थोडे मागेपुढे सरकू लागले. याचा अर्थ, पक्ष्याच्या शरीरात जन्मतःच एक वार्षिक घड्याळ असते. ते थोडे चुकते. घरातले भिंतीवरचे घड्याळ जसे आपण रेडिओवरच्या वेळेशी जुळवून घेतो, तसे हे घड्याळ दिवसाच्या लांबीशी जुळवून घेतले जाते.

तेव्हा त्या मुलीला उत्तर असे की, तारीख ठरते ती घड्याळाने आणि प्रकाशाने. हवेचा भाग त्यानंतरचा. वारा अनुकूल आहे का, पोट भरले आहे का, यावरून निघण्याचा नेमका दिवस थोडा पुढेमागे होतो. ऊन हे मूळ कारण नव्हे.

इंधनाचा हिशेब

मी पदार्थविज्ञान शिकवतो, त्यामुळे मला या सभेतला सर्वांत आवडता भाग म्हणजे खाण्याचा. पांगाऱ्यावरच्या भोरड्या दिवसभर खातात. पांगारा, पळस, सावर यांचा मध; वड-पिंपळाची फळे; किडे. आपल्याला वाटते, हावरट पक्षी. प्रत्यक्षात तो टाकी भरत असतो.

जास्तीचे अन्न पक्षी मेदाच्या, म्हणजे चरबीच्या रूपात साठवतो. पिष्टमय पदार्थांच्या रूपात का नाही? आकडे पाहा. एक ग्रॅम मेदापासून सुमारे ३९ किलोज्यूल ऊर्जा मिळते, तर एक ग्रॅम पिष्टमय पदार्थापासून सुमारे १७ किलोज्यूल. शिवाय पिष्टमय पदार्थ शरीरात साठवायचे तर त्यांच्याबरोबर सुमारे तिप्पट वजनाचे पाणीही साठवावे लागते. म्हणजे प्रत्यक्षात एका ग्रॅमला जेमतेम ४ किलोज्यूल पदरी पडतात. मेदाला असे पाणी लागत नाही. उलट मेद जळताना थोडे पाणी तयारच होते आणि ते वाळवंटावरून उडताना उपयोगी पडते.

आता एक उदाहरण सोडवू. समजा, भोरडीने २० ग्रॅम मेद साठवला. तिचे एरवीचे वजन सत्तर-ऐंशी ग्रॅम. म्हणजे स्वतःच्या वजनाच्या पाव भागाइतके ओझे झाले. भोरडीच्या युरोपीय भाऊबंदांना वातबोगद्यात उडवून मोजमापे झाली आहेत. त्यांवरून उडताना एकूण सुमारे १० वॅट, म्हणजे दर सेकंदाला १० ज्यूल ऊर्जा खर्च होते असे धरू. वेग सेकंदाला १५ मीटर, म्हणजेच ताशी ५४ किलोमीटर धरू.

मेदातील ऊर्जा = २० × ३९ = ७८० किलोज्यूल = ७,८०,००० ज्यूल
उड्डाणाचा वेळ = ७,८०,००० ÷ १० = ७८,००० सेकंद, म्हणजे सुमारे २१ तास ४० मिनिटे
अंतर = ७८,००० × १५ = ११,७०,००० मीटर, म्हणजे १,१७० किलोमीटर

घरातला एक छोटा एलईडी दिवा जेवढी ऊर्जा खातो, जवळपास तेवढ्यात हा पक्षी हवेत राहतो! हीच ऊर्जा पिष्टमय साठ्यातून मिळवायची असती तर सुमारे १८० ग्रॅम ओझे वाहावे लागले असते. तेवढे घेऊन तो जमिनीवरून उठलाच नसता.

पण हिशेब इथेच संपत नाही. सोलापूरपासून दक्षिण कझाकस्तान सरळ रेषेत मोजले तरी जवळजवळ २,९०० किलोमीटर दूर आहे. म्हणजे वाटेत निदान दोनदा टाकी भरावी लागणार. त्यासाठी उत्तरेकडे, पंजाबात आणि त्यापलीकडे, एप्रिल-मेमध्ये तुतीची फळे पिकलेली असतात आणि भोरड्या त्यांच्यावर तुटून पडतात. सगळी वाट अशी फुलांच्या आणि फळांच्या वेळांशी बांधलेली आहे.

आता उलट विचार करा. पहिल्या मुक्कामीच ५ ग्रॅम मेद कमी भरला गेला तर? ५ × ३९ = १९५ किलोज्यूल. त्याचे होतात १९,५०० सेकंद आणि अंतर सुमारे २९० किलोमीटर. म्हणजे इंधन २९० किलोमीटर अलीकडेच संपणार. आणि या वाटेवर थरचे वाळवंट आहे, अफगाणिस्तानचे उघडेबोडके डोंगर आहेत. आपल्या परसातला एक पांगारा किंवा बांधावरचा पळस पक्ष्याच्या दृष्टीने काय असतो, ते या आकड्यावरून ध्यानात येईल.

सभेला अध्यक्ष नाही

संध्याकाळी हे थवे रात्रीच्या थाऱ्याला जाताना पाहा. बाभळीच्या बनावर हजारो भोरड्या एकत्र येतात. बसण्यापूर्वी आकाशात त्यांचा एक काळा ढग तयार होतो. तो लांबतो, आखडतो, मध्येच चेंडूसारखा गोळा होतो. एखादा ससाणा घुसला की ढग फाटतो आणि क्षणात सांधला जातो. कवायतीत मास्तरांची शिट्टी असते. इथे शिट्टी कोण वाजवतो?

याचे उत्तर शोधण्यासाठी इटलीतील पदार्थवैज्ञानिकांनी रोमच्या मुख्य रेल्वे स्थानकाजवळ एका इमारतीच्या छतावर कॅमेरे लावले. हिवाळ्यात त्या स्थानकाजवळच्या झाडांवर भोरडीच्या भाऊबंदांचे प्रचंड थवे रात्री मुक्कामाला येतात. वेगवेगळ्या कोनांतून एकाच क्षणी घेतलेल्या छायाचित्रांवरून त्यांनी थव्यातल्या प्रत्येक पक्ष्याचे स्थान त्रिमितीत काढले. २००८ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष साधा होता. प्रत्येक पक्षी फक्त आपल्या अगदी जवळच्या सहा-सात सोबत्यांकडे लक्ष ठेवतो आणि त्यांच्या दिशेशी व वेगाशी जुळवून घेतो. ते सोबती किती मीटरवर आहेत, याला महत्त्व नाही. म्हणूनच थवा विरळ झाला तरी तुटत नाही. या गटात असलेले जॉर्जो पारिसी यांना पुढे २०२१ मध्ये पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते गुंतागुंतीच्या प्रणालींवरील त्यांच्या अन्य कार्यासाठी होते. परंतु अव्यवस्थेतून व्यवस्था कशी उभी राहते, हाच त्या साऱ्या कामाचा गाभा.

आता पांगाऱ्यावरची ती विनाकारण उठबस आठवा. एका पक्ष्याची चुळबुळ शेजारच्या सहा-सात जणांत पसरते, त्यांची त्यांच्या शेजाऱ्यांत, आणि सगळे झाड एकदम रिकामे होते. बहुतेकांची तयारी झालेली नसेल तर थवा परत येऊन बसतो. सभेत कोणी भाषण करीत नाही, ठराव मांडत नाही. प्रत्येकाच्या अंगातले घड्याळ साधारण एकाच वेळी वाजू लागते, आणि ते वाजणे शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जात राहते.

दिशा कशी कळते?

हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे. येथे दोनच प्रयोग सांगतो. १९५० च्या सुमारास जर्मनीत गुस्टाव्ह क्रामर यांनी याच कुळातल्या पक्ष्यांना गोल पिंजऱ्यात ठेवले. पिंजऱ्यातून फक्त आकाश दिसे. प्रवासाचा हंगाम आला की, पक्षी पिंजऱ्यातही आपल्या प्रवासाच्या दिशेलाच तोंड करून फडफडत. क्रामर यांनी आरसे लावून सूर्यप्रकाशाची दिशा वळवली, तर पक्षीही तितकेच वळले! सूर्य आकाशात तासाला सरासरी १५ अंश सरकतो. तेव्हा त्याच्यावरून दिशा ओळखायची तर वेळही ठाऊक हवी. दिवसाच्या घड्याळाचा उपयोग इथे होतो.

दुसरा प्रयोग हॉलंडमधील ए. सी. पर्डेक यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केला. स्थलांतराच्या वाटेवर पकडलेले अकरा हजारांहून अधिक पक्षी कडी घालून विमानाने स्वित्झर्लंडला नेले आणि तिथे सोडले. आधी प्रवास केलेले प्रौढ पक्षी दिशा बदलून आपल्या नेहमीच्या ठिकाणाकडे वळले. पहिल्याच प्रवासाला निघालेले तरुण पक्षी मात्र मूळ दिशेलाच उडत राहिले आणि फ्रान्सच्या दक्षिणेला व स्पेनला पोचले. दिशा वारशाने मिळते, ठिकाण मात्र अनुभवाने कळते, असा याचा अर्थ.

करून पाहा

या सगळ्यातला तुमचा वाटा कोणता? परदेशी प्रयोगशाळा हवी असे मुळीच नाही. एक वही आणि पेन्सिल पुरे.

१. मोजायला शिका. थाळीत मूठभर ज्वारीचे दाणे टाका. पाच सेकंद पाहून अंदाज करा, मग मोजा. सुरुवातीला बराच फरक पडेल. आठवडाभर सराव केला की अंदाज सुधारतो. थवा मोजताना आधी दहा पक्षी मोजा, तेवढी जागा डोळ्यांत धरा, तिच्यावरून शंभराचा तुकडा ठरवा आणि असे तुकडे किती ते पाहा.

२. फेब्रुवारी ते एप्रिल दररोज एकाच वेळी, एकाच झाडाखाली दहा मिनिटे उभे राहा. तारीख, वेळ, अंदाजे संख्या, काय खातात, उजळ गुलाबी किती व मळकट किती, वाऱ्याची दिशा हे लिहा. एकही पक्षी न दिसलेला दिवसही लिहा. शून्य हेही निरीक्षणच आहे.

३. त्याच वहीत रोजचे कमाल तापमान आणि दिवसाची लांबी यांचे रकाने करा. चार-पाच वर्षांची नोंद झाली की, शेवटचा थवा दिसल्याची तारीख या दोहोंपैकी कशाशी अधिक जुळते ते आलेखावर काढा. दहावीच्या मुलांनी वही नववीच्या मुलांकडे सोपवली तर शाळेला हे सहज शक्य आहे.

४. घाईने निष्कर्ष काढू नका. अंगणातून भोरड्या गेल्या म्हणजे देशातून गेल्या असे नव्हे. पांगाऱ्याची फुले संपल्यामुळे त्या पुढच्या गावच्या वडावरही गेलेल्या असू शकतात. म्हणून शेजारच्या दोन-तीन गावांतल्या शाळांनी मिळून नोंदी ठेवल्या तर फार चांगले.

मृत पक्षी आढळला आणि त्याच्या पायात कडी दिसली, तर कडीवरचा क्रमांक व पत्ता शिक्षकांना दाखवून उतरवून घ्या. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही १८८३ साली स्थापन झालेली संस्था अनेक दशके पक्ष्यांना अशा कड्या घालत आली आहे. पक्ष्यांच्या वाटांविषयीची पुष्कळ माहिती लोकांनी अशा कड्या कळवल्यामुळेच जमली आहे.

शेवटी पांगाऱ्याविषयी

हा लेख लिहिण्याला आणखी एक निमित्त झाले. आमच्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, हा पांगारा तोडायचा होता. त्यांचे म्हणणे खोटे नाही. जानेवारीत कणसात दाणा भरू लागला की भोरड्या शेतावर उतरतात आणि एकेक कणीस पोकळ करून टाकतात. लहानपणी मीही माळ्यावर उभा राहून गोफण फिरवली आहे आणि घसा बसेपर्यंत ओरडलो आहे. ज्याच्या घरात ते धान्य यायचे असते, त्याला या पक्ष्याचे कौतुक सांगणे सोपे नसते.

मी त्यांना वही दाखवली. पांगारा फुलतो तोवर आपली ज्वारी कापून झालेली असते. मार्चमध्ये भोरड्या झाडावर येतात त्या मधासाठी. शिवाय नाकतोडे आणि अळ्याही त्या वेचतात. अण्णांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "तुझा हिशेब बरोबर असेल. पण जानेवारीत त्यांना बसायला जागा हीच ना?"

याला माझ्याजवळ पुरे उत्तर नव्हते. म्हणून आम्ही असे ठरवले की, जानेवारीतही नोंद ठेवायची. पांगाऱ्यावरून उठलेला थवा आपल्या ज्वारीत उतरतो की आणखी कुठे जातो, आणि झाडाजवळच्या सऱ्यांत कणसे जास्त पोकळ होतात की लांबच्या, हे मोजायचे. झाडाजवळ नुकसान जास्त निघाले, तर अण्णा सांगतील ते. तोवर कुऱ्हाड लावायची नाही.

वहीचा तो रकाना सध्या अण्णाच भरतात. थवा उठला की ओसरीवरून मला हाक मारतात, आणि मी यायच्या आत आकडा सांगून मोकळे होतात. त्यांचा अंदाज माझ्यापेक्षा बरा असतो.

विचार करा

१. सोलापूर आणि एडमंटन या दोन ठिकाणांपैकी कोठे दिवसाची लांबी मोजणे पक्ष्याला सोपे जाईल? का?

२. समोरून सेकंदाला ५ मीटर वेगाने वारा वाहत असेल, तर वरच्या उदाहरणातील भोरडी २० ग्रॅम मेदावर किती अंतर कापेल? तोच वारा पाठीमागून असेल तर? यावरून निघण्याचा दिवस निवडताना वाऱ्याला महत्त्व का, ते सांगा.

३. ढगाळ दिवशी क्रामर यांच्या पिंजऱ्यातल्या पक्ष्यांचे काय झाले असेल?